तोच गेम, तीन दुकानं

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा ‘द विचर ३’ हा गेम २०१५ साली आला. आज तो कॉम्प्युटरसाठी विकत घ्यायचा तर स्टीम, गॉग आणि एपिक अशी तीन मोठी दुकानं उघडी आहेत. तिन्हीकडे गेम तोच, चित्रं तीच, गोष्टही तीच. किंमत बहुतेक दिवशी सारखी असते आणि एका दुकानात सूट लागली की दुसरीकडे लागायला फार वेळ जात नाही. कुठलंच दुकान जवळ नाही की लांब नाही. मोक्याची जागा हा प्रकारच इथे नाही. मालाचा तुटवडाही नाही, कारण एक प्रत विकली म्हणून दुसरी कमी होत नाही. दुकानदारीत गिऱ्हाईक ओढायची जी जुनी साधनं आहेत, त्यांतली निम्मीअधिक इथे पहिल्याच पायरीवर निकामी होतात. तरीही गेली कित्येक वर्षं ही दुकानं एकमेकांचं गिऱ्हाईक पळवण्यासाठी अफाट पैसा आणि त्याहून जास्त डोकं खर्च करत आली आहेत. आणि एवढं होऊनही खरेदीदारांचा मोठा लोंढा एकाच दारातून आत जातो, स्टीमच्या.

हे असं का, हा या पुस्तकाचा विषय आहे. माझं उत्तर मी सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना वाचकाला ते तपासत जाता येईल. गिऱ्हाईक दारात आणणं आणि गिऱ्हाईक टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम पैशाने होतं. सवलत द्या, फुकट द्या, एखादा गेम फक्त आपल्याकडेच ठेवा, माणसं येतात. दुसरं काम मात्र खरेदीदाराच्या नावावर वर्षानुवर्षं साठत गेलेल्या संग्रहामुळे होतं आणि तो संग्रह दुकानाच्या ताब्यात असतो. या धंद्यातली खरी चुरस त्या संग्रहासाठी आहे. पाच रुपये स्वस्त कोण देतो, ही तिची फक्त वरवरची बाजू.

सुरुवात अर्थातच व्हॉल्व्हपासून करावी लागते. मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेल्या गेब न्यूएल आणि माइक हॅरिंग्टन यांनी १९९६ मध्ये ही कंपनी काढली. तिने १२ सप्टेंबर २००३ रोजी स्टीम सुरू केलं, तेव्हा ते दुकान नव्हतंच. ‘काउंटर-स्ट्राइक’सारख्या ऑनलाइन गेमचे अपडेट सगळ्यांपर्यंत एकाच वेळी पोहोचवायचे आणि फसवून खेळणाऱ्यांना आवरायचं, एवढ्यासाठी केलेली ती सोय होती. लोकांना ती अजिबात आवडली नाही. मग नोव्हेंबर २००४ मध्ये ‘हाफ-लाइफ २’ आला. दुकानातून खोका विकत आणा, आत सीडी असो, तरीही स्टीमवर खातं काढल्याशिवाय आणि इंटरनेट जोडल्याशिवाय गेम सुरू होत नसे. पहिल्या दिवशी सर्व्हरवर ताण आला आणि पैसे मोजून घेतलेला गेम समोर ठेवून लोक ताटकळत बसले. या धंद्यातल्या सर्वांत यशस्वी दुकानाने आपलं पहिलं गिऱ्हाईक असं जबरदस्तीने गोळा केलं, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

आपल्याकडे तो काळ सायबर कॅफेचा होता. पुण्या-मुंबईतच काय, तालुक्याच्या गावीही तासाला ठरावीक पैसे घेऊन ‘काउंटर-स्ट्राइक १.६’ खेळू देणारे कॅफे होते आणि तिथे बहुधा जी प्रत चाले तिला मुलं सरळ ‘नॉन-स्टीम’ म्हणत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर गेम मिळत ते प्लॅस्टिकच्या पाकिटात, वर मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर. विकत घेणं म्हणजे ते. पुढे स्टीम घरोघरी उघडता येऊ लागलं तरी किंमत डॉलरमध्ये असे आणि पैसे भरायला परदेशात चालणारं क्रेडिट कार्ड लागे. कॉलेजातल्या पोराकडे ते कुठून असणार? नोव्हेंबर २०१५ मध्ये स्टीमवर रुपयांत किमती आल्या, तेव्हा कुठे आपल्याकडच्या बऱ्याच जणांसाठी हे दुकान खऱ्या अर्थाने उघडलं. ते उघडताच वर्षानुवर्षं चोरीच्या प्रतींवर खेळलेल्या माणसांनी तेच जुने गेम पुन्हा, या वेळी पैसे देऊन घेतले. मी स्वतः हे माझ्या ओळखीच्या कितीतरी जणांच्या बाबतीत पाहिलं आहे आणि या विषयाकडे मी ओढला गेलो तो त्यामुळेच. एकदा खेळून संपलेला, कॉम्प्युटरवर आधीच असलेला गेम माणूस पुन्हा विकत का घेतो?

गेब न्यूएल यांचं याबाबतचं मत प्रसिद्ध आहे. चोरीचा प्रश्न सहसा किमतीचा नसतो, तो सेवेचा असतो, असं ते २०११ च्या सुमारास सांगत असत. चोरीची प्रत मिळवायला शोधाशोध करावी लागते, व्हायरसची धास्ती असते, अपडेट मिळत नाही, मित्रांबरोबर ऑनलाइन खेळता येत नाही. दुकानाने यातली प्रत्येक अडचण दूर केली तर फुकट मिळणाऱ्या मालाशीही स्पर्धा करता येते. स्टीमने नेमकं हेच केलं आणि ते हळूहळू केलं. नवा कॉम्प्युटर घेतला की नाव आणि पासवर्ड टाकायचा, जुने सगळे गेम तिथे हजर. खेळाची प्रगती दुसऱ्या मशीनवरही जशीच्या तशी. मित्र काय खेळतो आहे ते कोपऱ्यात दिसतं. २०११ मध्ये वर्कशॉप आलं, म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेले नकाशे, गाड्या, कपडे एका बटणावर मिळू लागले. २०१३ मध्ये खेळाडूंचे अभिप्राय आले. यातल्या एकाही गोष्टीची पूर्ण पान जाहिरात करता येणार नाही. पण दहा वर्षांनी या सगळ्यांचं जे वजन होतं, ते कुठल्याही सवलतीला उचलता येत नाही.

पोलंडमध्ये हाच धडा कितीतरी आधी गिरवला गेला होता. मार्चिन इविन्स्की आणि मिहाऊ किचिन्स्की या दोन मित्रांनी १९९४ मध्ये सीडी प्रोजेक्ट काढली. त्या वेळी पोलंडमध्ये गेम विकले जात ते उघड्या बाजारात, चोरीचे आणि कवडीमोल. १९९९ मध्ये त्यांनी ‘बाल्डर्स गेट’ हा भलामोठा कॅनेडियन गेम पोलिशमध्ये आणायचं ठरवलं. सबंध गेमचं भाषांतर करून घेतलं, नावाजलेल्या पोलिश नटांचे आवाज घेतले आणि खोक्यात नकाशा, नियमांचं पुस्तक, संगीताची सीडी असा ऐवज घातला. चोराला जे देणं जमणार नाही ते सगळं त्या खोक्यात होतं. गेम धडाक्यात खपला. लॅमिंग्टन रोडची सवय असलेल्या आपल्या वाचकाला ही हकिकत चटकन कळेल, कारण तो बाजार आणि आपला बाजार यांत फरक फक्त भाषेचा होता. असा प्रयत्न त्या काळात मराठीत किंवा हिंदीत कोणी का केला नाही, याची मला मनापासून खंत आहे.

याच कंपनीने सप्टेंबर २००८ मध्ये गुड ओल्ड गेम्स हे दुकान काढलं, तेच आजचं गॉग. नव्या विंडोजवर न चालणारे जुने गेम दुरुस्त करून विकायचे आणि त्यांना कुलूप लावायचं नाही, हे त्याचं ब्रीद. कुलूप म्हणजे डीआरएम, गेम उघडताना तो खरेदीदाराचाच आहे ना, हे तपासणारी यंत्रणा. गॉगवर घेतलेल्या गेमची इन्स्टॉलर फाइल उतरवून घ्यायची, पेनड्राइव्हवर ठेवायची, इंटरनेट असो नसो, दुकान राहो न राहो, ती चालते. गिऱ्हाईक ओढायचा हा मार्ग बाकी सगळ्यांच्या उलटा आहे. इतर दुकानं म्हणतात, तुमचा संग्रह आमच्याकडे आहे म्हणून परत या. गॉग म्हणतं, तुमचा संग्रह घेऊन जा. धंदा म्हणून हे किती अवघड आहे ते गॉगच्या आकारावरून कळतंच. स्टीमपुढे ते लहान आहे आणि लहानच राहिलं आहे. सप्टेंबर २०१० मध्ये लोकांचं लक्ष वेधण्यासाठी त्यांनी दुकान बंद झाल्याचं नाटक केलं होतं आणि काही दिवसांनी नव्या रूपात ते उघडलं. ज्या दुकानाची सगळी पत ‘तुमचा माल तुमच्याच हातात’ या शब्दावर उभी, त्याने खरेदीदारांना आपल्या मालाची भीती घालावी, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी शंभर जुने गेम पुढेही चालते ठेवण्याची जबाबदारी जाहीरपणे अंगावर घेतली, त्यात ती पत पुन्हा दिसली.

आता सवलतीकडे येऊ, कारण बाहेरच्या माणसाला या धंद्यातली पहिली दिसणारी गोष्ट तीच. स्टीमचा उन्हाळी सेल अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळी दहाला सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेदहाला. त्या मिनिटाला जगभरातून एवढी माणसं येतात की पान उघडेनासं होतं. मग हिरव्या चौकटीत ‘७५ टक्के’, शेजारी काट मारलेली जुनी किंमत, खाली नवी. गेमच्या पानावर ट्रेलरच्या बाजूला अभिप्रायांचा गोषवारा, त्याखाली तुमच्या मित्रयादीतल्या कोणाकोणाकडे हा गेम आहे त्यांची छोटी चित्रं. पाच मित्रांचे चेहरे तिथे दिसले की निर्णय बहुधा झालेलाच असतो.

न्यूएल यांनी २०११ मध्ये या किमतींबद्दल जे सांगितलं ते अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवावं असं आहे. व्हॉल्व्हने आपल्या एका गेमची किंमत गाजावाजा न करता खालीवर करून पाहिली. एकूण उत्पन्न जवळपास तेवढंच राहिलं. किंमत कमी तर प्रती जास्त, किंमत जास्त तर प्रती कमी. मग तीच सूट त्यांनी जाहीर सेल म्हणून दिली, ७५ टक्के. हिशेबाप्रमाणे उत्पन्न तेवढंच राहायला हवं होतं. ते चाळीस पट झालं. म्हणजे माणसं कमी किमतीला जेवढी भुलतात त्याहून जास्त ती किंमत कमी झाल्याच्या सोहळ्याला भुलतात. स्टीमने तो सोहळा वाढवत नेला: काही तासांपुरत्या सवलती, रोज बदलणारे सौदे, खरेदीवर मिळणारी पत्त्यांसारखी डिजिटल कार्डं. लोक रात्री गजर लावून उठत. मग जून २०१५ मध्ये स्टीमने रिफंड सुरू केला. घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. त्यामुळे तासांपुरत्या सवलतींचा खेळच संपला. काल घेतलेला गेम आज आणखी स्वस्त झाला तर तो परत करून पुन्हा घेता येतोच की! त्याच वर्षी त्या सवलती गेल्या. खरेदीदाराच्या हातात एक साधा हक्क आला आणि दुकानाचा सगळ्यात चमकदार डाव आपोआप मोडला. हा हक्क काही स्टीमने आपणहून आधी दिला नव्हता. ईएच्या ओरिजिन या दुकानाने २०१३ मध्ये आपल्या गेमसाठी पैसे परत द्यायला सुरुवात केली होती आणि ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं होतं. स्पर्धा आणि कायदा हे दोन्ही बाजूंनी रेटत आले, तेव्हा ते दार उघडलं.

सोहळ्याची दुसरी बाजूही आहे. २०१९ च्या उन्हाळी सेलमध्ये स्टीमने शर्यतीचा एक खेळ मांडला होता. त्याचे नियम इतके गुंतागुंतीचे होते की बक्षिसात हवा तोच गेम मिळावा म्हणून हजारो लोकांनी आपल्या विशलिस्टमधले छोटे, स्वस्त गेम काढून टाकले. विशलिस्ट म्हणजे घ्यायच्या विचारात असलेल्या गेमची यादी. त्यात नाव असलं आणि वीस टक्के किंवा जास्त सूट लागली की स्टीम खरेदीदाराला मेल पाठवतं. छोट्या स्टुडिओचा पुढच्या वर्षाचा पगार बहुतांशी त्या यादीवर अवलंबून असतो. दुकानाच्या दर्शनी भागातल्या एका गमतीने त्यांचं वर्षाचं काम पुसलं गेलं. व्हॉल्व्हला खुलासा करावा लागला, पण काढलेली नावं पुन्हा यादीत आली नाहीत.

यानंतरचं प्रकरण एपिकचं आणि या पुस्तकाची सर्वांत जास्त पानं त्यालाच गेली आहेत. ६ डिसेंबर २०१८ रोजी, आपल्या ‘फोर्टनाइट’ या गेमच्या कमाईच्या जोरावर, नॉर्थ कॅरोलिनातल्या एपिक गेम्सने स्वतःचं दुकान उघडलं. स्टीम विक्रीतले ३० टक्के ठेवून घेतं. आम्ही १२ टक्केच घेऊ, असं त्यांनी जाहीर केलं. स्टीमला याची चाहूल आधीच लागली असावी, कारण काहीच दिवस आधी त्यांनी एक कोटी डॉलरहून जास्त कमावणाऱ्या गेमसाठी वाटा २५ वर आणि पाच कोटींपुढे २० वर आणला होता. छोट्यांचे ३० टक्के मात्र तसेच राहिले. गेम करणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर एपिकचा हा पवित्रा न्याय्य होता, असं माझं स्पष्ट मत आहे. अडचण एवढीच की दुकानात येणाऱ्या माणसाला त्यातून काहीच मिळत नव्हतं. किंमत तीच राहिली, वाचलेले १८ टक्के प्रकाशकाच्या खिशात गेले. मग त्या माणसाला आणायचं कसं?

एपिकने दोन उपाय केले. पहिला, फुकट गेम. भाजीवाली वर कोथिंबीर-कढीपत्ता घालते तसं, पण इथे भाजी न घेताही कोथिंबीर मिळते. आधी दोन आठवड्यांना एक, मग दर गुरुवारी नवा. आपल्याकडे उन्हाळ्यात रात्री साडेआठला, हिवाळ्यात साडेनऊला तो बदलतो आणि माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत ज्यांनी एपिकवर आजवर एक रुपयाही खर्च केलेला नाही, पण गुरुवार चुकवलेला नाही. १४ मे २०२० रोजी, टाळेबंदीच्या काळात, ‘जीटीए ५’ फुकट ठेवला तेव्हा एपिकचं संकेतस्थळच कोलमडलं. या सगळ्याचा खर्च पुढे अ‍ॅपलविरुद्धच्या खटल्यात २०२१ मध्ये उघड झाला. पहिल्या नऊ महिन्यांत ३८ गेम वाटायला सुमारे १ कोटी १६ लाख डॉलर लागले आणि त्यातून सुमारे ५० लाख नवी खाती उघडली. एकट्या ‘सबनॉटिका’साठी १४ लाख डॉलर मोजले होते. म्हणजे एक खातं दोन-अडीच डॉलरला पडलं. जाहिरातीच्या मानाने हे स्वस्तच.

दुसरा उपाय मात्र लोकांच्या जिव्हारी लागला. ‘मेट्रो एक्झोडस’ हा गेम फेब्रुवारी २०१९ मध्ये यायचा होता, स्टीमवर त्याची आगाऊ विक्री चालू होती आणि बाजारात यायला जेमतेम अडीच आठवडे उरले असताना तो वर्षभर फक्त एपिकवर मिळेल असं जाहीर झालं. आधी पैसे भरलेल्यांना तो स्टीमवरच मिळाला. अमेरिकेत किंमतही दहा डॉलरने उतरली. तरी संताप इतका होता की त्याच मालिकेच्या जुन्या गेमवर लोकांनी स्टीमवर वाईट अभिप्रायांचा पाऊस पाडला. हा राग बाहेरच्यांना पोरकट वाटला. मला तो पोरकट वाटत नाही. ज्याचा दहा वर्षांचा संग्रह, मित्र, खेळाची प्रगती एका ठिकाणी आहे, त्याच्याकडून त्याला न विचारता निवड काढून घेतली गेली होती आणि बदल्यात जे दुकान मिळालं त्यात तेव्हा खरेदीची टोपलीसुद्धा नव्हती. एकेक गेम वेगवेगळा घ्यावा लागे. मे २०१९ मध्ये एपिकने आपल्या खर्चाने ठरावीक किमतीवरच्या प्रत्येक खरेदीवर दहा डॉलर सूट दिली, लोकांनी भराभर एकामागून एक गेम घेतले, तर काहींची खाती संशयास्पद म्हणून अडवली गेली! टोपली आली डिसेंबर २०२१ मध्ये, दुकान उघडल्यावर तीन वर्षांनी. फुकट वाटायला पैसा होता, पण टोपली करायला तीन वर्षं लागली. पुस्तकात ही गोष्ट मी पुन्हापुन्हा आणली आहे, कारण दुकान कशाला महत्त्व देतं ते अशाच ठिकाणी दिसतं.

एपिकच्या स्वतःच्या वार्षिक आकड्यांतून निकाल वाचता येतो. २०१९ मध्ये त्यांच्याकडे कॉम्प्युटरवरचे १०.८ कोटी खातेदार होते. २०२४ मध्ये ते २९.५ कोटी झाले. त्याच काळात, एपिकचे स्वतःचे गेम सोडून इतरांच्या गेमवर खातेदारांनी केलेला खर्च २०१९ मध्ये २५.१ कोटी डॉलर होता आणि २०२४ मध्ये २५.५ कोटी. माणसं जवळपास तिप्पट, गल्ला तेवढाच. फुकट घ्यायला लोक एपिककडे गेले आणि विकत घ्यायला स्टीमवर परतले. मार्च २०२५ मध्ये स्टीमवर एकाच वेळी चार कोटींहून जास्त लोक हजर होते.

मोठ्या प्रकाशकांनाही हे चटके बसलेच. ईएने २०११ मध्ये ओरिजिन काढून आपले मोठे गेम स्टीमवरून हलवले. २०१९ अखेर ते परतू लागले. युबिसॉफ्ट २०१९ मध्ये गेलं, २०२२ मध्ये परत आलं. बेथेस्डाचा स्वतःचा लाँचर २०२२ मध्ये बंद झाला. डिस्कॉर्डचं दुकान तर वर्षभरातच आटोपलं. मायक्रोसॉफ्टने वेगळी वाट धरली, महिन्याच्या वर्गणीत शेकडो गेम. तिचा विचार स्वतंत्र प्रकरणात केला आहे, कारण तिथे संग्रहच नसतो, वर्गणी थांबली की कपाट रिकामं. हंबल बंडलने मे २०१० मध्ये ‘वाटेल ती किंमत द्या’ म्हणून पाच-सहा छोटे गेम विकले, पैशाची वाटणी गेम करणारे आणि धर्मादाय संस्था यांत कशी करायची ते खरेदीदारावर सोडलं आणि दहा लाख डॉलरहून जास्त जमा केले. इच डॉट आयओवर तर दुकानाने किती टक्के घ्यावेत हे विकणाराच ठरवतो, शून्यसुद्धा. ही दुकानं छोटी आहेत, पण माणसावर विश्वास टाकून धंदा होतो याचा पुरावा मला तिथेच मिळाला.

आता त्या ३० टक्क्यांकडे पुन्हा. गेम करणारा ते का सोसतो? पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूचं उदाहरण घ्या. ‘राजी’ या त्यांच्या गेमसाठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर पैसे उभे राहिले नाहीत. तरी त्यांनी तो नेटाने पुरा केला आणि २०२० मध्ये तो आधी निन्टेन्डो स्विचवर, मग कॉम्प्युटरवर आला. एवढ्या आकाराच्या चमूला शंभरातले तीस देणं म्हणजे एखाद्या माणसाचा पगार देणं. पण जिथे गिऱ्हाईक आहे तिथे गेम न ठेवणं त्याहून महाग पडतं. २०२४ मध्ये स्टीमवर १८,०००हून अधिक नवे गेम आले, म्हणजे रोज पन्नासेक. त्या गर्दीत दिसायचं तर विशलिस्ट हवी, अभिप्राय हवेत आणि ते सगळं स्टीमच्याच आवारात. व्हॉल्व्हविरुद्धच्या एका खटल्याच्या कागदांतून बाहेर आलं की २०२१ साली सबंध व्हॉल्व्हमध्ये साडेतीनशेच्या आत माणसं होती आणि त्यांतली स्टीमवर काम करणारी शंभराच्याही आत. एवढ्या थोड्या लोकांनी जगभरच्या विक्रीतला एवढा वाटा घ्यावा हे मला रास्त वाटत नाही. हा खटला गुदरणाऱ्यांत वुल्फायर गेम्स आहे, तीच कंपनी जिच्यातून हंबल बंडल निघालं. दुसरीकडे स्वस्त विकायला व्हॉल्व्ह आडकाठी करतं, असा तिचा आरोप आहे. व्हॉल्व्हला तो मान्य नाही. तो सिद्ध झाला तर १२ टक्के घेणाऱ्या दुकानांत किंमत १८ टक्क्यांनी का उतरली नाही, या प्रश्नाचं एक उत्तर मिळेल. जून २०२५ पासून एपिकने प्रत्येक गेमच्या वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर काहीच घ्यायचं नाही असं ठरवलं आहे. त्याचा फायदा खरेदीदारापर्यंत झिरपतो का, हे पाहण्यासारखं आहे.

आणि शेवटी तो संग्रह. आपण गेम ‘विकत घेतला’ म्हणतो, पण स्टीमच्या करारात आपल्याला मिळतो तो वापरायचा परवाना. तो दुसऱ्याला विकता येत नाही, खातं कोणाच्या नावावर करता येत नाही. कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून दुकानांना हे स्पष्ट सांगणं भाग पडलं. स्टीमच्या पैसे भरायच्या पानावर त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, तशी ओळ आली. वीस वर्षं हे असंच होतं, पण ते पैसे भरतानाच्या पानावर लिहायला कायदा यावा लागला. गॉगने लगेच आपल्या इन्स्टॉलर फाइलींची आठवण करून दिली. गिऱ्हाईक ओढण्याची संधी त्यांनी साधली, पण सांगितलं ते खरं होतं.

संग्रह एका दुकानातून दुसऱ्यात नेता आला तर ही सगळी चुरस वेगळीच होईल. तसा एक प्रयत्न झालेला आहे. २०१६ मध्ये गॉगने ‘गॉग कनेक्ट’ सुरू केलं होतं. आपलं स्टीमचं खातं जोडायचं आणि त्यातल्या काही ठरावीक गेमच्या बिनकुलुपी प्रती गॉगवर फुकट घ्यायच्या. प्रकाशकाची परवानगी असेल तेवढेच गेम आणि तेही थोडे दिवस. यादी लहानच राहिली, पुढे ती सोय बंद झाली. २०१९ मध्ये गॉगने सगळ्या दुकानांतले गेम एकाच पडद्यावर दाखवणारं गॅलेक्सी २.० आणलं, पण त्यात गेम दिसतात फक्त. मालकी जिथली तिथेच. फोनचं सिमकार्ड बदलूनही नंबर तोच ठेवायची मुभा आपल्याकडे २०११ पासून देशभर आहे आणि ती कंपन्यांनी नव्हे, नियामकाने दिली. गेमच्या बाबतीत असा नियम कुठल्याही देशाने अजून केलेला नाही. तो कसा करता येईल, त्यात प्रकाशक, दुकान आणि छोटे स्टुडिओ यांचं कोणाचं काय जाईल, आणि ३० टक्क्यांतले किती मग उरतील, याची मांडणी मी शेवटच्या दोन प्रकरणांत केली आहे.